श्राद्ध जेवणाऱ्यानं भार उचलू नये

"दिगंबरगुरुजींना जेवू घालून मारलं."

पत्रकाचा मथळा म्हणून मी हे वाक्य लिहिलं होतं. छापायला देण्याआधी गुरुजींच्या घरी गेलो आणि काकूंना वाचून दाखवलं, कारण मथळा माझा असला तरी नवरा त्यांचा गेला होता. त्यांनी तांदूळ निवडायचं ताट बाजूला सारलं, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "हे काढ बाबा. खोटं आहे म्हणून नाही म्हणत मी. पण लोकांच्या मनात मग तेवढंच राहील."

मी काढलं. पत्रक निघालं, कळमनुरीच्या आठवडी बाजारात वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. पत्रकात मुद्दे बसतात, माणूस बसत नाही. म्हणून हे वेगळं लिहितोय. राग तसाच आहे, तो कमी करून लिहिणार नाही.

गुरुजी भिक्षुक. कळमनुरी, आखाडा बाळापूर, कुरुंदा आणि मधली गावं, एवढ्या टापूतल्या पूजा, मुंजी, लग्नं, श्राद्धं त्यांच्याकडं. ठेंगणे, गोरे, कानात भिकबाळी, आणि पोट असं की पूजेला पाटावर बसले की पुढ्यातली पळी-पंचपात्री त्यांना दिसायची नाही, हातानं चाचपून घ्यायचे. काळीपिवळी जीपवाले त्यांना दीड शीट धरायचे आणि मागच्या बाकावर बसू द्यायचे नाहीत, गाडीचं तोंड वर होतं म्हणून. गुरुजी स्वतःच पुढं होऊन ड्रायव्हरला विचारायचे, "काय मालक, आज मला मधी घेता का टपावर टाकता?"

कुणी काहीही सांगितलं की त्यांचं एक ठरलेलं होतं. बोट वर करून म्हणायचे, "बराबर. पुढं?" शिव्या दिल्या तरी "बराबर. पुढं?" समोरच्याकडं पुढचं काही उरलेलंच नसायचं.

ते पोट त्यांनी हौसेनं वाढवलं नव्हतं. आमच्या भागात भिक्षुकाला पानावर बसवलं की चार माणसं नुसती बघायला जमतात. लाडवावर लाडू वाढायचे, "गुरुजी, आमच्या आईची आण" म्हणायचं, आणि नंतर चावडीवर सांगायचं की आमच्याकडं गुरुजींनी एवढे खाल्ले. दुसऱ्या घरी मग त्याहून जास्त वाढायचे. मी लहानपणी हे पाहिलंय. कुणाच्या घरी बैलालासुद्धा असं चारत नाहीत, पोट फुगेल म्हणून भीती असते. गुरुजींच्या पोटाची भीती कुणाला नव्हती.

पन्नाशीत साखर निघाली. पायाच्या अंगठ्याला जीपचा पत्रा लागला, ती जखम पावसाळा गेला तरी भरेना. नांदेडच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी घ्यायच्या, आणि सांगितलं की पोट उतरलं नाही तर आधी अंगठा जाईल, मग पाय, मग तुम्ही. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघंच. "हे गेले तर या घरात मी कुणाशी भांडू?" एवढंच म्हणाल्या.

मी तेव्हा भोंदूगिरीविरुद्ध पत्रकं काढायचो आणि पोलीस भरतीसाठी पळत होतो. जिल्हा नवा झाला होता, भरती निघणार अशी हवा होती, आणि शाळेच्या मैदानावर पहाटे आमच्यासारखी पंधरावीस पोरं असायची. आम्हाला तयार करायचे आडेसर. तांड्यावरचे. नांदेडहून व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेले, नोकरीची वाट पाहत होते. मैदानाच्या कोपऱ्यात त्यांची व्यायामशाळा म्हणजे डालड्याच्या डब्यांत सिमेंट ओतून, मधे नळाचा पाइप घालून केलेली वजनं, आणि वाळू भरलेली दोन पोती.

एका सकाळी गुरुजी तिथं उभे. धोतराचा काष्टा मारलेला, अंगात बंडी, पायात नवे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्याआधी त्यांनी पोटाला बांधायचा थरथरणारा पट्टा घेऊन पाहिला होता, आणि त्या पट्ट्याविरुद्ध मी पत्रक काढलं तेव्हा मला रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "पत्रकवाले, तुमचं बराबर निघालं. नुसती गुदगुली होते."

पोरं हसली. आडेसर हसले नाहीत, पण म्हणाले, "गुरुजी, इथं पोथी न्हाई चालत."

"म्हणून तर आलो. पोथीनं उतरत असतं तर आतापर्यंत हाडं दिसली असती."

गुरुजी म्हणाले, मी रोज देवळापर्यंत तासभर चालतो, तरी काही होत नाही. आडेसर म्हणाले, बैलबी दिवसभर चालतो, त्याचं कुठं उतरलं. मग त्यांनी गुरुजींना रस्त्यावर नेलं. नांदेड रोडला विजेचे खांब आहेत. या खांबापासून त्या खांबापर्यंत जेवढं जोरात जमेल तेवढं जायचं, मग पुढच्या खांबापर्यंत हळू, दम घेत. पुन्हा जोरात. पुन्हा हळू. आणि परत आल्यावर वजनं. नुसतं पळाल तर चरबीबरोबर ताकदबी उतरंल, आडेसर सांगायचे, वजन उचललं तर मांस जाग्यावर राहील आन् जळायची ती चरबी जळंल. दोन्ही पायजेत. एकानं भागत न्हाई.

"बराबर," गुरुजी म्हणाले. "पुढं?"

"पुढं काय, पळा."

पहिल्या दिवशी पहिल्याच खांबाला ते बिलगून उभे राहिले. तोंडातून शब्द निघेना. आम्हाला वाटलं, झालं, उद्या येत नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या आधी हजर.

महिनाभरात त्यांनी मैदानाला आपल्या सवयी लावल्या. वजन उचलण्याआधी त्याला हात लावून कपाळाला लावायचे. डब्याला नमस्कार करताना पाहून मी चिडायचो. ते म्हणायचे, अंगावर पडू नये म्हणून विनंती करतो, तुझं काय जातं. आकडे मोजायचे नाहीत. संध्येतली नावं घ्यायचे: केशव म्हणून वर, नारायण म्हणून वर, माधव, गोविंद, असं बारावं दामोदर आलं की वजन खाली. पोरांना ते आवडलं. रफीक नावाचा आमच्यातला सगळ्यात दांडगा पोरगा आडेसरांना ओरडून सांगायचा, "सर, मेरा दामोदर हो गया." पळण्याच्या मधल्या चालीत दम आला की नाही हे बघायला गुरुजींचं माप म्हणजे एक श्लोक. न तुटता म्हणता आला की पुढचा खांब. सुरुवातीला एकेक शब्द गिळत चालायचे, शेवटी शेवटी सबंध म्हणून वर माझ्याकडं बघायचे.

आणि ते नि आडेसर एकमेकांना गुरुजी म्हणायचे. बामणाचा म्हातारा तांड्यावरच्या पोराला वाकून "गुरुजी, आज किती?" विचारतोय हे बघायला रस्त्यावरून जाणारे थांबायचे. एकानं टोमणा मारला की आता तांड्यावर जाऊन मुंज लावा. गुरुजींनी बोट वर केलं. तो निघून गेला.

त्यांचं उतरायला लागलं. आडतीवर धान्याचं पोतं मोजायच्या काट्यावर ते महिन्यातून एकदा उभे राहायचे, हमाल वजनं टाकायचे आणि एकेक वजन काढून घेताना टाळ्या वाजवायचे. उन्हाळ्यापर्यंत अंगठ्याची जखम भरली. काकूंनी त्यांच्या बंड्या आत घेतल्या. एकदा कुरुंद्याहून येताना जीप चिखलात रुतली. अशा वेळी आधी गुरुजींना उतरवायचे, वजन कमी व्हावं म्हणून. त्या दिवशी ते स्वतः उतरले, काष्टा घट्ट केला आणि मागून गाडीला खांदा लावला. मी त्याच गाडीत होतो. गाडी निघाली. गुडघ्यापर्यंत चिखल, बंडीवर चिखल, भिकबाळीला चिखल. मला म्हणाले, "आज पयल्यांदा मी कुणाच्या कामाला आलो रे."

मी म्हटलं, आयुष्यभर लोकांची लग्नं लावली की.

"ती माझ्याबिगर बी लागली असती."

आता ज्या गोष्टीवरून आमचं भांडण व्हायचं ती सांगतो. आडेसर दर आठवड्याला विचारायचे, काय खाल्लं. गुरुजी सांगायचे: ज्वारीची एक भाकर, वरण, पालेभाजी, ताक. पंगतीतलं गोड त्यांनी खरोखर सोडलं होतं. लग्नामुंजीत हात पानावर आडवा धरायचे. मग एक दिवस मी बाळापूरला कामासाठी गेलो आणि एका व्यापाऱ्याच्या ओसरीतून आत पाहिलं तर गुरुजी पानावर. वडे, खीर, पुरणाची पोळी, कढी. घरच्या म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध. सगळं व्यवस्थित चाललेलं.

परतीच्या जीपमध्ये मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, तुम्ही आडेसरांशी खोटं बोलता. त्यांना खरोखर कळेना.

"काहून? मी काय खोटं बोललो?"

"आत्ता खाल्लं ते?"

"ते मी कुठं खाल्लं? तो त्यांचा म्हातारा जेवला."

"पोट कुणाचं?"

"पोट माझं," ते म्हणाले. "जेवण त्याचं."

चेष्टा करत नव्हते. त्यांच्या हिशेबात श्राद्धाचं पान हे त्यांच्या जेवणात धरायचंच नव्हतं. तिथं ते भाड्यानं दिलेलं एक तोंड होते. जेवण झाल्यावर घरचा माणूस हात जोडून विचारतो, तृप्त झालात का, आणि ते उत्तर पितरांच्या वतीनं द्यायचं असतं. अर्धपोटी राहून तृप्त झालो म्हणायचं म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं बोलणं. मी त्यांना सांगितलं, तो म्हातारा साखरेनंच गेला, आता त्याच्या नावानं तुम्हाला काहून मारून राहिले? ते म्हणाले, "बराबर." या वेळी पुढं म्हणाले नाहीत.

मी श्राद्धाविरुद्ध पत्रक लिहिलं. कच्चं त्यांनाच दाखवलं, चिडवायला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, लई ओरडलास. कावळ्याची चेष्टा करू नको, त्यानं लोक दुखावतात आणि पुढचं वाचत नाहीत. खर्चाचं वर घे. आणि श्राद्धावाचून पितर अडत नाहीत, नुसत्या तिळाच्या पाण्यानं भागतं, असं शास्त्रातच आहे, ते टाक, मग भांडायला जागाच राहणार नाही. स्वतःच्या पोटावरचं पत्रक त्यांनी असं सुधारून दिलं. मी विचारलं, मग तुम्ही का जाता? तेव्हा त्यांनी कुरुंद्याची बाई सांगितली.

एकटी विधवा. तिचा एकुलता एक पोरगा ट्रॅक्टरखाली गेला होता. त्याच्या श्राद्धाला ती गुरुजींना बोलवायची. वाढताना बोलायची नाही, आग्रह करायची नाही, फक्त वडा पानात ठेवून समोर बसायची.

"त्याला वडे आवडायचे म्हणे," गुरुजी म्हणाले. "ती माझ्याकडं बघत नव्हती रे. पोरगं जेवताना बघत होती. अशा वेळी पुरे म्हणायचं कुणी, तू म्हणतोस?"

माझ्याकडं उत्तर होतं. त्या बाईच्या दुःखाला वड्यांखेरीज जागा ठेवली नाही ती रूढीनं, असं ते उत्तर. मी ते दिलंही. आजही तेच देईन. पण ते ऐकताना गुरुजी जीपच्या बाहेर हळदीच्या वावरांकडं बघत बसले होते आणि मला मधेच थांबावंसं वाटलं, एवढं खरं.

मग पितृपंधरवडा आला. गुरुजी मैदानावर यायचे बंद झाले. आडेसरांना वाटलं, कंटाळले. मी घरी गेलो तर ते ओसरीत बसून पंचांग चाळत होते. मला म्हणाले, सांगायचं राहिलं. श्राद्ध जेवणाऱ्यानं त्या दिवशी भार उचलू नये, लांबची वाट चालू नये, आणि पुन्हा जेवू नये. पंधरवडाभर रोज कुठं ना कुठं पान आहे, तेव्हा पंधरवडाभर सुट्टी.

मी म्हटलं, पुन्हा जेवू नये हे आहे, मग एकाच वेळी वडे कमी खावेत हे कुठं नाही?

ते हसले. "आडेसरांना सांग, काळजी करू नका. रात्रीचं जेवण बंद म्हणजे अर्धा उपासच. उतरेलच."

काकू आतून म्हणाल्या, "उतरेल, उतरेल. तुमचं नाक उतरेल." दोघं हसले. मीही हसलो.

तिथं काय चाललं होतं ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही. रात्री ते जेवत नव्हते. पण संध्याकाळची गोळी घेत होते, डॉक्टरनं सांगितलेली, कधी चुकवली नाही. इतक्या महिन्यांच्या पळण्यानं आणि वजनांनी त्यांची साखर आधीच खाली आलेली. गोळी मात्र तेवढीच, पोट होतं तेव्हाची. साखर उतरली की गोळीही उतरवावी लागते, हे त्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. उपास करता का, एक वेळ जेवता का, हेही विचारलं नव्हतं. भिक्षुकाला साखर झाली तर त्याचं वर्ष कसं जातं हे विचारायला किती वेळ लागतो? आमच्या भागात औषध लिहून देणारे माणसाचं पंचांग बघत नाहीत, आणि पंचांग बघणारे औषधाची चिठ्ठी बघत नाहीत. मधे गुरुजी.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी ते उठेनात. अंग घामानं चिंब, हाक मारली की काहीतरी पुटपुटायचे. शेजारी जमले. कुणी म्हणालं, रोजच्या जेवणानं जड झालंय, झोपू द्या. एकानं शहाणपणानं विचारलं, साखरपाणी द्यायचं का. त्याला सगळ्यांनी गप्प केलं. साखरेच्या पेशंटला कुणी साखर देतं का? काकूंनी वाटी हातात घेतली होती, ती खाली ठेवली. त्या दिवशी गावात घरोघर खीर शिजत होती. चार चमचे पुरले असते, असं नांदेडच्या दवाखान्यात बोटाला सुई टोचल्यावर सांगितलं. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

मी आडेसरांना बोलावून आणलं होतं. गुरुजींना जीपमध्ये घालायला पूर्वी चौघं लागली असती. आडेसरांनी एकट्यानं उचललं, दोन्ही हातांवर, दारातून आडवं वळून. गाडी बाळापूरच्या पुढं गेली तेव्हा आडेसर बोलले. "लई हलके झाले होते," म्हणाले. "अजून दोन महिने पायजे होते."

तिसऱ्या दिवशी गुरुजी गेले. शुद्धीवर आले नाहीत. दहाव्याला लोक काकूंना सांगत होते की सर्वपित्रीला पितरांचं बोलावणं आलं, भाग्य लागतं. मी तिथं बोललो ते लिहीत नाही. काकूंनी मला हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी गुरुजींचं वर्षश्राद्ध केलं नाही. तिळाचं पाणी दिलं, कुणाला पानावर बसवलं नाही. भाऊबंद बोलले. त्या म्हणाल्या, यांनी त्या पोराच्या कागदावर लिहून दिलंय, भागतं म्हणून.

शेवटचं त्यांना पाहिलं ते अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी. दुपारी कुणाकडं तरी पान झालं होतं. ते मैदानाच्या कडेला येऊन दगडावर बसले, पोरांना पळताना बघत. आडेसरांशी बोलले, उद्या शेवटचं, परवापासून येतो, एक खांब वाढवा. आडेसर म्हणाले, बघू. मग उठले आणि नांदेड रोडनं घराकडं निघाले. मी थोडं मागं होतो, सायकलची चेन बसवत. रस्ता मोकळा होता. पहिल्या खांबाशी गुरुजी थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मी वाकलेला होतो, मी त्यांना दिसलो नसणार. त्यांनी धोतर दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचललं आणि पळाले. त्या दिवशी पळायचं नसतं हे मला सांगणारा माणूस पळाला, पुढच्या खांबापर्यंत, पाय चांगले उचलून, पोट जवळजवळ न हलता. मग धोतर सोडलं, नीट झटकलं आणि काही झालंच नाही असा चालत गेला.